पुनवेच्या दुपारी ओहोटी

आईला पाण्याची भीती घालायची म्हणजे दगडावर डोकं आपटायचं. तिचा जन्म गेला अंजूरच्या खाडीकाठी. शेताच्या जागी गोडाऊनं उभी राहिली, तरी ओहोटीला टोपली घेऊन गाळात उतरणं आणि चिंबोऱ्या-खेकडे काढणं काही तिनं सोडलं नाही. मी भिवंडीत शाळेत भूगोल शिकवते, त्याचं तिला कौतुक शून्य.

गेल्या वर्षी भावाची अंदमानला बदली झाली आणि आई त्याच्याकडे राहायला निघाली. अंदमान म्हटल्यावर मला आधी त्सुनामीच आठवली. तिची बॅग भरता भरता मी सांगत बसले. भूकंपानं समुद्राचा तळ हलला की वरचं सगळं पाणी उचललं जातं. खोल समुद्रात ती लाट विमानाच्या वेगानं पळते, पण होडीतल्या माणसाला पत्ताही लागत नाही. किनाऱ्याशी आली की वेग कमी होतो आणि ती उंच होते. मागून आणखी येतात, कधी पहिलीपेक्षा मोठ्या.

"रोज येतात काय?"

"नाही गं. मोठी तर पिढ्यान् पिढ्या येत नाही."

"मंग माझ्याच वाटेला कशी येल?"

"आई, कधी कधी लाटेआधी समुद्र एकदम मागे जातो. तळ उघडा पडतो. तेव्हा काय करशील?"

"टोपली घेईन. आयती मासळी कोण सोडंल?"

माझं डोकंच फिरलं. "मरशील! तेव्हा उंचावर पळायचं!" मी ओरडले. ती आपली लुगड्यांच्या घड्या घालत राहिली. मग मला सुचलं. आमच्याकडे भरती-ओहोटी घड्याळावर नाही, तिथीवर बघतात.

"पुनवेला दुपारी पाणी कुठं असतं?"

"भरलेलं. शेंबडं पोर पण सांगंल."

"आणि त्या वेळी गाळ उघडा दिसला तर?"

तिचे हात थांबले. म्हणाली, "तर ते आपलं पाणी न्हाय."

महिनाभरानं तिचा फोन आला, नुसता जाळ. "तुझ्यापायी हसं झालं माझं!" पुनवेच्या दुपारी ती किनाऱ्यावर गेली, तर पाणी लांब गेलेलं. हिनं टोपली टाकली, नातवाचा हात धरला आणि ओरडत टेकडी चढली. मागून भाऊ धापा टाकत आला. ती तिथली रोजची ओहोटी होती.

मी कपाळावर हात मारला. भरतीची वेळ प्रत्येक किनाऱ्याची वेगळी. भूगोलाची बाई मी, आणि हेच सांगायला विसरले होते.

"समदी हसत व्हती," ती म्हणाली. "गुडघं अजून दुखतायत."

मला मात्र हसू येईना. डोळे भरून आले.

"पण आई, तू पळालीस ना?"

"पळाले की. पोर व्हतं ना संगती."

"मग हसू दे त्यांना. पुन्हा चुकलीस तरी पळ."