आंदोलन मिटलं का?

माझ्या प्रबंधाचं मराठी शीर्षक सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, एकदा मोठ्यानं वाचलं. ‘विलंबी फरक-समीकरणांच्या उकलींचे आंदोलन’. त्यातला शेवटचा शब्द तेवढा त्यांनी उचलला. “दुधाच्या दराचं हाय का?” मी सांगितलं, तसलं नाही, झोक्यासारखं, आकडा शून्याच्या वर जातो, खाली येतो, पुन्हा वर. त्यांनी मान डोलावली आणि आमच्या गावात, न्हावऱ्यात, सांगून टाकलं की सूनबाई आंदोलनावर पीएचडी करत्यात.

शिरूरच्या कॉलेजात तास घेऊन मी एसटीनं दौंडला मार्गदर्शकांकडे जायचे. सर विद्वान, पण स्क्रीनवर वाचणार नाहीत, कागदच हवा. मी नवा मसुदा दिला की ते तपासून परत द्यायचे तो आधीचा. “सिद्धता त्रोटक आहे, वाढवा.” ती मी नव्यात वाढवलेलीच असायची. पण सरांनी सांगितलं म्हणून आणखी वाढवायची. पुढच्या खेपेला, “फार पाल्हाळ झालंय, कापा.” कापलं, परत कापलं, की पुन्हा त्रोटक.

वैताग याचा की माझं प्रकरण नेमकं हेच सांगत होतं. दुरुस्ती आजचं सोडून मागचं बघून केली आणि मधला उशीर मोठा असला, तर बारीकशी दुरुस्तीसुद्धा आकड्याला शून्याच्या एका बाजूला ठरू देत नाही. त्या ओळीशेजारी सरांनी लाल शाईत ‘छान’ लिहिलं होतं. मला तो कागद फाडावासा वाटला.

वाढवून घेतलेली मुदतही संपत आली. सरांच्या सहीशिवाय प्रबंध कोणी घेणार नव्हतं. त्या दिवशी मी सहीसाठीच गेले, तर सरांच्या हातात जुनाच गठ्ठा. “हे जरा वाढवा.”

“सर, वाढवलंय. तुमच्या टेबलावरच आहे.”

“हो का? मग पुढच्या वेळी बघू.”

पुढची वेळ मुदतीनंतर येणार होती. ते सांगितलं, तर म्हणाले, घाई करून गणित होत नाही. सगळी वर्षं पाण्यात गेली असं वाटून एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले.

न्हावऱ्याच्या स्टँडवर आप्पा मोटरसायकल घेऊन उभे होते. माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, “मिटलं का आंदोलन?”

“नाही आप्पा. ते मिटत नाही, एवढंच सिद्ध करायचंय.”

“मग झालं की सिद्ध,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी किक मारली.