सुईणबाईपायी हुकलेला फाटा

परभणीत स्टेशनजवळ जुन्या पुस्तकांची एक टपरी आहे. तिथं स्पर्धा परीक्षांच्या गाइडांखाली दबलेली एक कादंबरी मला सापडली. निजामाच्या काळातलं खेडं, गढीवरचे देशमुख जेवून उठतात आणि कोसळतात, आणि खुनाचा छडा कोण लावतं, तर गावची सुईण! तिला प्रत्येक घराची आतली खोली माहीत. रक्ताचा थेंब नाही, आरडाओरडा नाही. बाई आधी पोटभर जेवते, मग विचार करते. मी दोन दिवसांत पुस्तक संपवलं आणि आता हे कुणाला वाचायला देऊ, असं मला होऊन गेलं.

मी मानवतच्या अलीकडं एका गावात शिक्षिका. रोज एसटीनं जाते, आणि शेजारी आमच्या मुख्याध्यापक बाई असतात. त्यांना परिपत्रकाशिवाय काही वाचताना मी कधी पाहिलं नव्हतं. घाबरतच मी पुस्तक पुढं केलं.

"खुनाचं हाय?" त्यांनी ते बोटानं बाजूला सारलं. "आपल्याला शोभतं का हे?"

"बाई, यात खुनी कोण ते सुईण शोधून काढते."

"सुईण?" त्यांनी पुस्तक उचललं आणि गुपचूप पर्समध्ये टाकलं. त्यांची आई गावची सुईण होती, हे मला फार नंतर कळलं.

दोन दिवसांनी तिसऱ्या तासाला बाई माझ्या वर्गाच्या दारात उभ्या. तपासणीवाले आले की काय, म्हणून मी धावत व्हरांड्यात गेले.

"खुनी गढीवरचा दिवाणजी न्हाई," त्या कानाशी कुजबुजल्या. "तो लय वंगाळ दाखवलाय, म्हणूनच न्हाई."

मी तोंड उघडणार तोच म्हणाल्या, "सांगू नका! मान बी हलवू नका!"

शुक्रवारी सकाळी एसटीत बसलो, तेव्हा शेवटचं प्रकरण उरलं होतं आणि बाई चष्मा घरी विसरल्या होत्या. "तुमी वाचा, हळू," म्हणाल्या. मी हळूच वाचू लागले. पुढच्या सीटवरचे पटकेवाले आजोबा वळून म्हणाले, "मोठ्यानं वाच की, बाई." तिकिटं फाडत आलेला कंडक्टर जागीच थांबला. "म्याडम, पण मेलं कोण?"

मग मला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली. बसमध्ये दोन तट पडले. एक धाकट्या सुनेवर संशय घेणारा, दुसरा आचाऱ्यावर.

"आचारी कशाला मारंल?" मागून एक बाई कडाडली. "त्याचं पोट देशमुखावरच हाय की!"

"सून तर माहेरी गेलती!"

आमच्या बाई दांड्याला धरून उभ्या राहिल्या. "पुराव्यावर बोला!" शाळेतला तो आवाज ऐकून सगळी बस चिडीचूप.

मी वाचत गेले. विष जेवणात नव्हतंच, नंतरच्या विड्यात होतं, आणि तो विडा दिला होता देशमुखांच्या जिवलग हकीमसाहेबांनी. "सुपारी!" बाई ओरडल्या आणि माझ्या मांडीवर चापट मारली. "म्या कालच म्हणलं होतं, त्या सुपारीत कायतरी हाय!" टाळ्या पडल्या. आजोबा हकिमाला मनापासून शिव्या देत होते. एवढ्यात कुणीतरी बाहेर पाहिलं, तर मानवत आलं होतं. आमचा फाटा कधीच मागं गेला होता.

कंडक्टरनं कपाळावर हात मारला. "माफ करा म्याडम. हकीम निघंल असं वाटलंच न्हाई, त्या नादात घंटी मारायची राह्यली."

परतीच्या ऑटोत बाईंना हसू आवरेना. थांबल्या की मी हसायची, मी थांबले की त्या. ऑटोवाला आरशातून सारखा आमच्याकडं बघत होता. शाळेत पोचलो तेव्हा परिपाठ संपला होता. बाईंनी ओळीतल्या पोरांना स्वच्छ सांगितलं, "आज आमी उशिरा आलो. चूक आमची." आणि ऑफिसात जाऊन पुन्हा खुदकन हसल्या.

सोमवारी कंडक्टर तिकीट द्यायच्या आधी माझ्याकडं वाकला. "घरी बायकोला वाचायला एखादं सांगा. खून चालंल, पण माणसं चांगली पाह्यजेत." फाटा येईपर्यंत मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या, आणि एकीचाही शेवट फोडला नाही.