पुसून काढणे

सर्व्हर रॅकमधून बाहेर ओढला की मामा त्याच्याकडे पाठ करत नसत. शिंक आली तरी एक हात मशीनवर. नांदेडच्या आमच्या छोट्या डेटा सेंटरमध्ये दवाखान्यांचे रिपोर्ट साठवलेले असत. "रॅकात हाय तवर ती मशीन हाय. भाईर काढली की लोकाची इज्जत हाय," असं ते म्हणायचे.

मामा म्हणजे सेंटरमधले जुने टेक्निशियन, सगळेच त्यांना मामा म्हणत. ते बारावी नापास. मी बिलोलीकडचा, घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, विष्णुपुरीत इंजिनिअरिंग केलेला. आणि हे मी कुणालाही दोन मिनिटांत सांगायचो. मामा मला साहेब म्हणत, निम्मं कौतुकानं, निम्मं चिडवायला. माहिती उघडायचा पासवर्ड आणि मशीन ते कधीच एका माणसाच्या हाती देत नसत. एकदा मालकानं दोन्ही मागितलं, तर एक आज न्या, एक उद्या, म्हणाले. मालक हसला नाही.

बहिणीच्या मातीला मामा घाईनं उमरीला गेले, तेव्हा रॅकवर चिठ्ठी चिकटवून गेले : 'सात नंबर पुसून काढणे.' मशीन सेंटरबाहेर जाण्याआधी त्यातली माहिती कायमची पुसायची, हा नियम मला पाठ होता. मी सात नंबर पुसला, मग काढला. त्यातल्या माहितीची दुसरी प्रत अजून निघाली नव्हती.

मामा परतले. रिकामी जागा बघून म्हणाले, "कुणाला पुसलंस, साहेब?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं पुसणं म्हणजे विचारणं. माझी आई आजही बापाला पुसून जा म्हणते. कॉलेजात शुद्ध बोलायला शिकलो आणि असले शब्द लाजेनं टाकून दिले. एका दवाखान्याचे सगळे जुने रिपोर्ट गेले. त्यात कॅन्सरचे पेशंट होते.

चौकशीत मामांनी चिठ्ठी पुढं केली. "अक्षर माझं हाय. पोरानं लिवलं तसं केलं."

मी शेजारीच उभा होतो. पुसण्याआधी मला शंका आली होती, फोनही हातात घेतला होता. पण बारावी नापास माणसाला काय विचारायचं, म्हणून लावला नाही. एवढं सांगायचं होतं. सांगितलं नाही. मामांना काढलं, मी राहिलो.

परवा लातूरला एका कापड दुकानाच्या दारात ते रखवालदाराच्या खुर्चीवर दिसले. वाळलेत पार. हात धरून मला आत नेलं आणि दुकानदाराला सांगितलं, "आमचे इंजिनिअर साहेब. लई जपून काम करतेत."

दुकानदारानं चहा मागवला. मी प्यायलो.