उत्तरेचा टॉवर

व्हर्ना ओस्टबी बावीस वर्षं आमच्या काउंटीच्या वायरलेस कक्षात बसते आहे, मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर. तिचा आवाज चढलेला मी एकदाच ऐकला, मार्चमधल्या त्या चौकशीत.

दक्षिणेकडच्या एका घराला आग लागली होती. आत अडकलेल्या अग्निशमन दलाच्या रूनने रेडिओचं बटण तीनदा दाबलं. तिन्ही वेळा यंत्र घोगरं भुंकलं: वाहिनी नाही, थांबा. चौथ्यांदा त्याचा आवाज आमच्यापर्यंत पोचला, तोवर दोन्ही हात भाजले होते. अहवालात लिहिलं होतं, 'कक्षाने प्रतिसाद दिला नाही.' खाली व्हर्नाची सही हवी होती.

"कर गं सही, प्रकरण मिटेल," अग्निशमन दलाचे प्रमुख गॉर्डन म्हणाले. "नोकरी काही जात नाही तुझी."

"नोकरीचं राहू द्या. रूनच्या बायकोला काय सांगू? मला डुलकी लागली होती?"

आमच्याकडे स्वतःची वाहिनी कोणालाच नाही. बर्फ हटवणाऱ्या गाड्या, शाळेच्या बस, पोलीस, अग्निशमन, सगळ्यांत मिळून प्रत्येक टॉवरवर चार. बटण दाबलं की संगणक रिकामी असेल ती देतो, बोलणं संपलं की काढून घेतो. पण बोलणाऱ्याच्या दलातला एक जरी माणूस दुसऱ्या टॉवरखाली रेडिओ लावून बसला असेल, तर त्याला ऐकू जावं म्हणून तिथलीही एक वाहिनी लागते. ती मिळेपर्यंत बोलणाऱ्याने ताटकळायचं. आणि अग्निशमनची माणसं तर सुट्टीवर असली तरी आगीची वर्दी आली की रेडिओ कानाला लावणारच. व्हर्नाने याबद्दल चार पत्रं लिहिली होती. एकाचंही उत्तर आलं नव्हतं.

तिने संगणकातली नोंद टेबलावर आपटली.

"उत्तरेचा टॉवर तेव्हा गच्च भरलेला होता. आग दक्षिणेला, मग रून उत्तरेसाठी का अडला? कारण तिथे दलाचा एक रेडिओ चालू होता. एकच. क्रमांक एकशे एक."

तो क्रमांक कोणाचा, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

"सुट्टी घेऊन उत्तरेच्या तळ्यावर गेला होतात ना? मासे लागले का गळाला, चीफ?"

"मी नुसतं ऐकत होतो, व्हर्ना," गॉर्डन पुटपुटले. "पोरांच्या काळजीपोटी."

"तुम्हाला ऐकू यावं म्हणून त्याला बोलता आलं नाही!"

तिने अहवालातलं ते वाक्य खोडलं, वर खरं कारण क्रमांकासकट लिहिलं आणि पेन त्यांच्यासमोर सरकवलं.

"आता तुम्ही करा सही."

त्यांनी पेन उचललं. मग सही केली. व्हर्नाने कागद उचलला आणि कोणाकडेही न बघता रूनच्या बायकोला फोन करायला निघून गेली.