गालिच्याभोवती खुर्च्या

पाठीवर सॅक टाकून मी निघाले तेव्हा आई म्हणाली होती, "कोपरखैरण्यात काय कमी हाय म्हणून तिकडं मरायला चाललीस?" ग्वाटेमालातल्या अँटिग्वाला पोचले आणि पहिल्याच सकाळी मला उत्तर मिळालं. गल्लीच्या टोकाला ज्वालामुखी उभा होता. आमच्या खिडकीतूनही पारसिकचा डोंगर दिसतो, पण हा इतका जवळ की हाक मारली तर चहाला येईल. मी आ वासून बघत राहिले. शेवटी एका टुरिस्टने मला हाताने बाजूला केलं. त्यालाही तोच फोटो हवा होता.

ईस्टरच्या आधीचा आठवडा होता आणि गावात मुंगीला शिरायला जागा नव्हती. स्पॅनिश लोकांनी बांधलेली, भूकंपात अर्धी कोसळलेली चर्चं, पिवळ्या भिंती, दगडी रस्ते, आणि त्यावर आम्ही सगळे आपापल्या सॅकसकट. मला एका आजीच्या घरात खोली मिळाली होती. तिला स्पॅनिशच येत होतं आणि मला स्पॅनिश सोडून बाकीचं. मोबाईलवर भाषांतर करून आमचं भागायचं.

एका सकाळी बघते तर आजी दारासमोर रस्त्यावर गुडघे टेकून बसलेली. ओल्या लाकडी भुशाचा थर पसरून त्यावर ती रंगीत भुसा चाळत होती. काय चाललंय विचारलं, तर तिने मोबाईल पुढे धरला. तिचा मुलगा कामासाठी उत्तरेला, अमेरिकेत गेला होता, बरेच महिने त्याचा फोन नव्हता. आज इथून देवाची मिरवणूक जाणार होती. हा भुशाचा गालिचा मुलासाठी होता, तो सुखरूप असावा म्हणून.

मी मांडी घालून बसलेच. ती पुठ्ठ्याच्या साच्यातून रंग टाकायची. मी चिमटीतून रंग सोडून कमळ काढलं. माझ्या हाताकडे ती बघत राहिली, मग अख्खी कडा तिने माझ्याकडे सोपवली. आईच्या हाताखाली शिकलेली रांगोळी इतक्या लांब कामाला येईल असं कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. वर झेंडूसारखी फुलं आणि पाइनची हिरवी पानं पडली आणि रस्ता ओळखूच येईना.

आजी कपडे बदलायला आत गेली. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने एक नजर टाकली आणि ओरडली, "अगं बावळट, खुर्च्या लाव चारी बाजूंनी! लोक तुडवतील ना!"

आई जयंतीला विहारासमोर रांगोळी काढते तेव्हा सोसायटीच्या झाडून सगळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या रांगोळीभोवती लागतात. मिरवणूक बाजूने जाते. तिथे कोणाचा पाय पडलाच तर आई त्याच्या सात पिढ्या काढते. मी आजीच्या घरातल्या खुर्च्या आणून गालिच्याभोवती लावल्या आणि टुरिस्टांवर डोळे वटारत उभी राहिले.

आधी धुपाचा धूर आला, मग बँडचा आवाज. मग जांभळ्या झग्यातली माणसं खांद्यावर घराएवढी लाकडी पालखी घेऊन डुलत कोपऱ्यावर वळली. पुढच्या माणसाने खुर्च्या बघितल्या, हात वर केला आणि पालखीला रस्त्याच्या मोकळ्या बाजूकडे वळायची खूण केली. चला, इथेही माणसांना कळतं, असं मी मनात म्हणाले.

तेवढ्यात आजी दारात आली. तिने पालखी वळताना पाहिली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "नो! नो!" म्हणत ती धावली, एक खुर्ची तिने चक्क लाथेने उडवली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. देवाने गालिच्यावरूनच जायचं होतं. त्यासाठीच तर तो काढला होता. मी उरलेल्या खुर्च्या भिंतीकडे फेकल्या.

पालखी थांबली, डुलली आणि सरळ झाली. पहिला पाय माझ्या कमळावर पडला. मग दुसरा, मग सगळेच. आजीने माझा हात घट्ट धरला होता. ती रडत होती, हसतही होती. पालखी पुढे गेली तेव्हा त्या माणसांच्या बुटांना आमचे रंग लागले होते आणि ते रंग गल्लीभर चालत गेले. इतकं सुंदर मी आजवर काही पाहिलेलं नाही.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती "बरं" एवढंच म्हणाली. माझी आई आणि एवढंच?

काही दिवसांनी जयंतीला, मी अजून आजीकडेच असताना, आईने एक फोटो पाठवला. विहारासमोरची रांगोळी, आणि तिच्यावर आरपार पायांचे ठसे. खाली आवाज रेकॉर्ड केलेला: "यंदा खुर्च्या नाय लावल्या. म्हटलं, जाऊ दे लोकांना वरून. तू नीट ये घरी."

मी तो फोटो आजीला दाखवला. ती ठशांवरून बोट फिरवत बसली. तिचा स्वतःचा फोन टेबलावर चार्जिंगला होता, अजून वाजला नव्हता. मग तिने माझा मोबाईल माझ्या हातात ठेवला आणि कानाशी मूठ नेऊन खूण केली: आईला फोन लाव.