नूरमहंमदच्या बानूनं घेतलेला सूड

अंगदनं भर बाजारात ते काळेकुट्ट प्लग हवेत धरले, तेव्हा बानू गर्दीच्या मागं भाजीची पिशवी घेऊन उभी होती.

"ही बघा नूरचाचाची करामत," अंगद सांगत होता. "असले भंगारातले प्लग बसवल्यावर गाडी घाटात बंद पडणार न्हाई तर काय? नशीब, सायबांच्या पायावर भागलं."

लोक हळहळले. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला आता दिसत नसेल. कुणी म्हणालं, दिसतं, पण नियत फिरली. राग आला की बानूची वाचाच बसायची. ती घरी आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि अंगदचं नाव मनात असं गाठ मारून ठेवलं की ते पुढं कधी सुटलंच नाही.

नूरमहंमद मिस्त्रीचं गॅरेज तिसगावच्या स्टँडजवळ होतं. बानू त्याची एकुलती एक लेक. शेवगावला दिली होती, पण नवऱ्याशी जमलं नाही आणि ती माघारी आली. बापानं काही विचारलं नाही, फक्त दुसऱ्या दिवशी तिला गॅरेजवर नेलं. तिचा हात बसायला वेळ लागला नाही. गिऱ्हाईक समोर असलं की पाना नूरमहंमदच्या हातात दिसायचा, गिऱ्हाईक चहाला गेलं की बानूच्या.

अंगदही त्याच गॅरेजवर शिकलेला. बिनबापाचा म्हणून नूरमहंमदनं त्याला पोटच्या पोरासारखं वागवलं. ईदच्या शिरखुर्म्याची पहिली वाटी त्याची असायची. पुढं त्यानं रोडला स्वतःची शेड टाकली, गाडीला जोडायचं कॉम्प्युटरचं यंत्र आणलं, गॅस किट बसवायला लागला. तेव्हाही नूरमहंमद पेढे घेऊन गेला होता.

मग ती पांढरी गाडी आली. गाडी नीलांबरी मॅडमची. मॅडम शाळेत शिकवायच्या, त्यांचे यजमान नृसिंहराव पाथर्डीला कचेरीत कारकून. गाडी छोटी, बरीच जुनी, पण जपलेली. तक्रार एवढीच होती की चढावर पिकअप घेत नाही, मध्येच मिसिंग करते, आचके देते. बानूनं प्लग काढून पाहिले. झिजले होते. तिनं नवे बसवले, आणि तिच्या सवयीप्रमाणे प्रत्येक प्लगच्या पांढऱ्या भागावर नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. पुन्हा कधी काढले तर कुठला कुठं होता ते कळावं म्हणून. गाडी गावातल्या रस्त्यावर छान पळाली.

पंधरवड्यात ती करंजीच्या घाटात बंद पडली. ऐन वळणावर. नृसिंहराव गाडी बाजूला ढकलायला खाली उतरले आणि मागून आलेल्या टेम्पोनं त्यांना उडवलं. मांडीचं हाड मोडलं. गाडी ओढून नेली ती अंगदच्या शेडवर, आणि त्यानंतर तो बाजारातला तमाशा झाला.

"अब्बा, प्लग मी बसवले हुते," बानू त्या संध्याकाळी म्हणाली. "मी जाते आन सांगते."

"गप बस," नूरमहंमद म्हणाला. "काम मी केलं. उद्या लोक म्हणतील, बाईच्या हातात पाना दिला म्हणून झालं. माझं नाव जाऊंदे. माझं करून झालंय. तुझं अजून निघायचंय."

नाव गेलंच. गाड्या यायच्या थांबल्या. नूरमहंमद सकाळी शटर वर करायचा आणि स्टुलावर बसून रस्त्याकडं बघायचा. समोरून जाणारे ओळखीचे लोक नेमके तेव्हाच फोन कानाला लावायचे. एक दिवस त्यानं शटर वर केलंच नाही. घरी खाटेवर पडून राहिला. पाने लोखंडाच्या पेटीत गेले. बानूनं शेतावरच्या पाण्याच्या मोटारी आणि पोरांच्या मोटरसायकली दुरुस्त करून घर चालवलं.

तिला दोन गोष्टी खात होत्या. एक अंगद. दुसरी अशी, की बाजारात त्यानं दाखवलेले प्लग काजळीनं एवढे माखले होते की लाल ठिपके होते की नव्हते ते तिला लांबून दिसलं नव्हतं. ते तिचेच असतील तर? आपल्याच हातून काही राहिलं असेल तर? अंगदच्या शेडवरून जाताना ती मान वर करून त्याची पाटी वाचायची, रोज. त्याचं वाटोळं व्हावं असं नमाजात मागू नये हे तिला कळत होतं, म्हणून ती ते चूल पेटवताना मागायची.

अशी तीनेक वर्षं गेली. मग कानावर आलं की मॅडम गाडी भंगारात काढतायत. अंगदनं पेट्रोलचा पंप बदलला, कॉइल बदलली, सेन्सर बदलला, तरी चढ आला की गाडी आचके देतेच. नृसिंहरावांच्या आईनं शिंगणापूरला जाऊन तेलसुद्धा वाहिलं. फरक नाही.

बानू त्याच दुपारी मॅडमच्या दारात उभी राहिली. अपघातापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

"गाडी भंगारात देन्याआधी मला एकदा बगू द्या," ती म्हणाली.

नीलांबरी मॅडमचा चेहरा आक्रसला. "तुमच्या घरानं एकदा बघितली ना? ते आत बसलेत बघा, काठी घेऊन. पुरे झालं."

"म्हनूनच आले. त्यांचा पाय कुनामुळं गेला ते मला बगायचंय. आमच्यामुळं गेला आसंल तर तुमच्या दारात उभं ऱ्हाऊन सांगंन. लपवनार न्हाई."

आतून नृसिंहरावांचा आवाज आला. "बघू दे गं तिला. मलाही कळू दे."

"मग मी समोर बसणार," मॅडम म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत उघडायचं सगळं."

"बसा. मला तेच पायजे."

बानूनं सगळ्यात आधी प्लग काढले. पहिला हातात घेतला, फडक्यानं पुसला. एक लाल ठिपका. दुसऱ्यावर दोन. सगळे तिचेच, आणि एकही काळा नाही. चांगल्या चालणाऱ्या इंजिनात असतात तसे फिकट तपकिरी.

"मॅडम, अंगदनं हे कदी बदलले?"

"अपघातानंतर लगेच. काढलेले जुनेच तर त्यानं दाखवले बाजारात."

"मग हे काय?" बानूनं ठिपके दाखवले. "हे मी दिलेत. माझ्या हातानं. त्यानं दाखवले ते दुसऱ्याच गाडीचे हुते."

मॅडमनी प्लग हातात घेऊन ठिपके मोजले. पण बानू तिथं थांबली नाही. प्लग तिचे होते हे कळलं, गाडी का बंद पडली हे अजून कळलं नव्हतं. तिनं प्लग परत बसवले आणि इंजिन चालू केलं. एकेक प्लगवायर उचलून पाहिली. प्रत्येक वेळी इंजिन सारखंच दचकलं. म्हणजे एखादाच सिलिंडर आजारी नव्हता. आचका येतो तो सगळ्यांना एकदम येतो. तसं करणाऱ्या गोष्टी दोनच, एक तर पेट्रोल मिळत नाही, नाही तर करंट. तिनं पेट्रोलच्या पाइपला दाब दाखवणारं गेज लावलं.

"आता तुमी गाडीत बसा. हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय दाबून धरा. पहिला गिअर टाका आन क्लच थोडा थोडा सोडा. घाट चढताना इंजिनवर जोर येतो तसा येऊंद्या."

मॅडमनी क्लच सोडला. इंजिन खालच्या रबरांवर एका बाजूला कललं आणि लगेच आचका आला. गेजचा काटा हललासुद्धा नाही. म्हणजे पेट्रोल येत होतं. बानूनं हात खाली घातला आणि इंजिनमागून जाणारी वायरिंग चाचपली. एका जागी टेप जाड लागली. ती जरा ओढली, आणि गाडी गपकन बंद पडली. घाटात पडली होती तशीच.

"मॅडम, गाडीला कदी गॅस किट हुतं का?"

"होतं ना. अंगदनंच बसवलं होतं. मग गॅस भरायला नगरपर्यंत जावं लागायचं, म्हणून काढायला लावलं. तेही त्यानंच काढलं." मॅडम थबकल्या. "आचके त्यानंतर सुरू झाले. तुमच्याकडं आणली तेव्हा मी हे सांगायला हवं होतं का?"

"सांगितलं आसतं तर मी हितं बगितलं आसतं," बानू म्हणाली. तिनं टेप सोलायला घेतली. वरची टेप चकचकीत, मऊ. तिच्याखाली दुसरी, जुनी, उन्हातान्हात कडक झालेली, लोखंडी पट्टीला घासून फाटलेली. आणि त्याखाली पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरला करंट नेणाऱ्या वायरीची, किट बसवताना तोडलेली दोन टोकं, नुसती पिळून एकमेकांना जोडलेली. ना कथलाचा डाग दिलेला, ना काही. इंजिन कललं की टोकं सुटायची.

बानू उभी राहिली. "खालची टेप किट काढताना मारलेली. वरची कवा मारली आसंल?"

मॅडमना कळायला क्षण लागला. अपघातानंतर गाडीला अंगदशिवाय कुणाचा हात लागला नव्हता.

"त्यानं बघितलं होतं," त्या सावकाश म्हणाल्या. "त्याला माहीत होतं."

"व्हय. आन वर टेप मारून झाकलं."

मॅडम म्हणाल्या, पोलिसांत जाऊ. बानू म्हणाली, "जाऊ की. आधी बाजारात जाऊ."

तिनं वायर जोडली नाही. टेप जशी होती तशी परत गुंडाळली आणि बाजाराच्या दिवशी, शेडसमोर गाड्यांची आणि माणसांची गर्दी असताना, ती पांढरी गाडी अंगदच्या दारात उभी केली. शेजारी मॅडम. मागच्या सीटवर काठी धरून नृसिंहराव.

अंगद हात पुसत बाहेर आला. बानूला बघून हसला. "काय बानूताई, आमच्याकडं?"

"तुझ्याकडंच. तुझाच पाना दे."

"कशाला?"

"दे की. का भ्या वाटतं?"

लोक जमले. बानूनं त्याच्याच पान्यानं प्लग काढले आणि बॉनेटच्या कडेला ओळीनं मांडले. मग त्या लोकांकडं वळली. इतकी वर्षं बसलेली वाचा त्या दिवशी सुटली. लाल ठिपके कुणी दिले ते तिनं सांगितलं. काम अब्बांचं नाही, माझं होतं, हेही सांगितलं. मग म्हणाली, "आता ही टेप तू सोल, अंगद. मी हात लावनार न्हाई."

अंगदचा रंग उतरला. "हे बघ, आपन आत बसून बोलू."

"माझ्या बापाचं नाव तू आत बसून घालवलं हुतंस का?"

त्यानं हात लावला नाही. तेव्हा नृसिंहराव गाडीतून उतरले. काठी टेकत बॉनेटपाशी आले. "सोल," एवढंच म्हणाले.

त्यानं सोलली. पिळलेल्या तारा सगळ्यांनी पाहिल्या. जवळपासच्या दोघातिघांना त्यातलं कळत होतं, त्यांनी बाकीच्यांना समजावलं.

"माझं शेडचं काम नवं हुतं," अंगद खाली बघत म्हणाला. "किट मी काढलेलं. कळलं आसतं तर कोन आलं आसतं माझ्याकडं? चाचाचं वय झालं हुतं. मला वाटलं, त्यांचं काय जानार हाय आता."

बानूला त्याचं हे शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त लागलं. तिनं पुढं जे केलं ते याच वाक्यासाठी केलं, असं ती नंतर सांगायची.

मॅडमनी तक्रार दिली. ती चौकशी रेंगाळली. बानूचा सूड रेंगाळला नाही. तिनं स्टँडजवळचं शटर उघडलं, पाटीवर बापाच्या नावाखाली स्वतःचं नाव घातलं. अंगदनं किट काढलेली प्रत्येक गाडी ती शोधून काढायची, मालकाला समोर उभं करायची, जोड उघडून दाखवायची आणि मग डाग देऊन पक्का करायची. मालक घरी जाऊन चार जणांना सांगायचा. अंगदची शेड रिकामी होत गेली. रस्त्यानं जाताना ती अजूनही त्याची पाटी वाचायची, पण आता सावकाश, चवीनं.

अंगद एकदा घरी आला. नूरमहंमदच्या खाटेशी बसला, पाय धरले, रडला. म्हाताऱ्याचा हात त्याच्या डोक्याकडं गेला.

"अब्बा," बानू दारातून म्हणाली.

"पोरगं रडतंय गं."

"रडूंदे. तुमी तीन वर्षं भिंतीकडं तोंड करून पडला हुता, तवा हा शेडला रंग देत हुता." ती अंगदकडं वळली. "तू ऊठ. त्यांनी माफ केलं आसंल, मी न्हाई. आन ह्या घराचा उंबरा परत चढायचा न्हाई."

अंगद गेला. त्यानंतर नूरमहंमद लेकीशी कित्येक दिवस धड बोलला नाही. गॅरेजवरही आला नाही. गावानं त्याचं नाव परत दिलं होतं, लोक मुद्दाम घरी येऊन सलाम करत, पण पाना धरायची ताकद हातात उरली नव्हती. "तुझं बरोबर हाय," तो एकदा जेवताना म्हणाला, "पन तो माझ्या ताटात जेवलेला हाय. मी काय करू?" बानूनं त्याला आणखी एक भाकरी वाढली.

पावसाळा संपता संपता अंगदनं शेड विकली. देवळाली प्रवरेला उसाच्या ट्रॅक्टरांच्या दुरुस्तीला नोकरी धरली, असं कळलं. ज्या दिवशी तो निघाला, त्या दिवशी नूरमहंमद टोपी घालून एकटाच स्टँडवर गेला. बानूला गॅरेजमधून दोघं दिसत होते. बापानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. एसटी आली, गेली. बानू एका जीपखाली शिरली.

नूरमहंमद परत आला आणि कितीतरी वर्षांनी गॅरेजमधल्या स्टुलावर बसला.

"त्यानं तुला सलाम सांगितलाय," तो म्हणाला.

"तुमच्याकडंच ठेवा," बानू जीपखालून म्हणाली, आणि बारा नंबरचा पाना मागितला.

म्हाताऱ्यानं पेटीत हात घातला. जरा वेळ चाचपडला, पण दिला.