भोगणं आणि भोगसणं

पास्कू आता दुखण्यातून वाचणार नाही हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण देवापुढे खोटं बोलून मी काय मोठी शहाणी ठरणार आहे? पास्कू माझा धाकटा दीर. घर एकच, मध्ये भिंत घालून दोन केलेलं. पलीकडून त्याचा खोकला ऐकू आला की मी मनात म्हणायचे, भोग आता.

बंदरावर धोक्याचा बावटा लागलेला असताना त्यानं होडी काढली होती. धाकट्या भावाला एकट्याला कसं सोडायचं म्हणून आमचे हे मागून चढले. खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. पास्कू किनाऱ्याला लागला, हे सापडलेच नाहीत. मृतांच्या दिवशी बाकीच्या बायका आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. मी माझी मेणबत्ती हातात धरून नुसती उभी राहते, कारण यांना कबरच नाही. होडी उलटली त्या दिवसापासून मी पास्कूशी एक शब्द बोलले नव्हते. अंगणात समोर आला तर तोंड फिरवायचे.

मी मूळची घाटावरची, हिंदू घरातली. लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला आणि देवबागला नांदायला आले. प्रार्थना शिकले त्या सासूबाईंच्या तोंडून, कोकणीत, जशा कानावर पडल्या तशा. सासूबाई भरभर म्हणायच्या, मी मागून ओढत जायचे. अर्थ विचारायची सोय नव्हती, नव्या सुनेनं किती म्हणून विचारायचं! प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत आपल्या अपराध्यांबद्दल एक ओळ येते. ती मी ‘भोगयतांव’ अशी म्हणायचे. भोगणं म्हणजे काय ते घाटावरच्या बाईला सांगावं लागत नाही. ज्यानं केलं त्यानं भोगावं, असा सरळ अर्थ मी धरून चालले होते. फादर प्रवचनात क्षमेबद्दल बोलले की वाटायचं, ते संतांचं काम, आपल्यासारख्यांसाठी देवानं ही ओळ ठेवलीय. हे गेल्यावर तर ती मी दातओठ खाऊन म्हणू लागले.

यंदा उपवासकाळात एका दुपारी माझी जाऊ, पास्कूची बायको रोझा, दाराशी आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. म्हणाली, “वयनी, एकदाच येवन जावा. तेंका तुमका कायतरी सांगूचा आसा.” मी म्हटलं, “माका काय आयकूचा नाय.” ती गेल्यावर घरात बसवेना. पदर डोक्यावर घेतला आणि चर्चमध्ये जाऊन बसले.

आत कुणीच नव्हतं. थोड्या वेळानं एक म्हातारी बाई काठी टेकत आली आणि माझ्याच बाकावर बसली. बोलण्यावरून गोव्याकडची वाटली. “एकटीक आठव उरना गो, म्हज्या वांगडा म्हण,” असं म्हणत तिनं मला सोबतीला घेतलं आणि जपमाळ काढली. मी नाही म्हणू शकले नाही. त्या ओळीशी आलो आणि ती थांबली.

“बाय, तुवें कितें म्हळें?”

मी पुन्हा म्हणून दाखवलं.

“भोगयतांव न्हय गो, भोगशितांव! भोगसप म्हणल्यार माफ करप.” मग जरा हसून म्हणाली, “तूं देवाक सांगता, हांव लोकांक भोगयतां, तशें माकाय भोगय!”

तिला गंमत वाटली. मला मात्र ती ओळ आत्ता कळली: आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर. म्हणजे इतकी वर्षं मी गुडघे टेकून, लोकांना भोगायला लावते तसं मलाही लाव, अशी स्वतःच्या तोंडानं स्वतःसाठी शिक्षा मागत होते. पुढची जपमाळ कशी संपली ते मला आठवत नाही. ती बाई कोण होती, तेही विचारायचं राहून गेलं. पुढच्या रविवारी तिला शोधलं, पण ती दिसली नाही. गावात उतरलेली कुणी पाहुणी असेल.

तिथून मी थेट पास्कूच्या दारात गेले. मनात माया नव्हती, भीती होती. एवढा दांडगा, होडी एकट्यानं ओढणारा पास्कू खाटेवर ओळखू येत नव्हता. मला पाहून त्यानं हात जोडले. आमच्यात धाकटी माणसं थोरांकडे असंच बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात. माझा हात वर होईना.

तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “वयनी, धरून तरंगूक रिकामो कॅन एकच होतो. दादान तो माझ्याकडे ढकलल्यान. ‘तू जा,’ दादाच म्हणालो. माका सांगूचा धाडस झाला नाय.”

मी खाली बसले. ज्याला वाचवायला हे आपला जीव देऊन गेले, त्यानं भोगावं म्हणून मी रोज देवाला आळवत होते. खूप रडले. मग त्याच्या कपाळावर हात ठेवला. तो मी ठेवला असं म्हणवत नाही, माझ्यात तेवढं बळ नव्हतंच. “देव तुजा बरा करो, पास्कू,” म्हटलं आणि रोझानं आणलेली पेज त्याला चमच्यानं भरवली. दोन घोटांवर गेली नाही.

ईस्टरच्या आधीच तो गेला. माती देताना माझ्या मनात राग उरला नव्हता असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. आजही वारा सुटला की तो बावटा आठवतो आणि काळजात कळ उठते. तेव्हा मी ती देवाच्या पायाशी ठेवते आणि म्हणते, हे मला जमत नाही, तूच कर. तो करतो, थोडं थोडं.

आणि रोज त्याचे आभार मानते, की ‘तसंच मलाही भोगायला लाव’ ही माझी तेव्हाची प्रार्थना त्यानं ऐकली नाही.